घेतलेलं परत करताना: ‘चोरी करू नको’ ही आज्ञा व्यवहारात

कॅथलिक घरात ही सातवी आज्ञा आणि, लूथरन सोडले तर, बहुतेक प्रोटेस्टंट घरांत आठवी. वसईची कॅथलिक लेक नगरच्या प्रोटेस्टंट घरात सून म्हणून गेली की पहिला घोटाळा इथेच होतो. मजकूर मात्र एकच: निर्गम २०:१५, ‘चोरी करू नको’. यावर प्रवचनं पुष्कळ होतात, पण ज्याला खरोखर काही परत करायचं असतं त्याचे प्रश्न निराळे असतात. किती द्यायचं? मालक वारला असेल तर कोणाला? नाव सांगावंच लागतं का? या लेखात तेवढंच आहे.

आधी एक पक्कं समजून घ्या. क्षमा मागणं आणि वस्तू परत करणं ही ख्रिस्ती शिकवणीत दोन वेगळी कामं आहेत. एक केलं म्हणून दुसरं सुटत नाही. संत ऑगस्टीनने मॅसिडोनियस नावाच्या अधिकाऱ्याला लिहिलेल्या १५३व्या पत्रात हे रोखठोक सांगितलं आहे: परत करणं शक्य असून जो करत नाही, तो पश्चात्तापाचं नुसतं सोंग करतो. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या १९९२च्या ग्रंथातला परिच्छेद २४१२ तेच बजावतो आणि प्रेस्बिटेरियन मंडळ्या मानतात त्या वेस्टमिन्स्टरच्या मोठ्या प्रश्नोत्तरीतलं १४१वं उत्तरही तेच. या मुद्द्यावर पंथापंथांत भांडण नाही.

कागद काढा

एका कागदावर चार रकाने पाडा: काय घेतलं, कोणाचं, साधारण कधी, आणि आज त्याची किंमत काय. मोबाइलमध्ये लिहू नका, घरात फोन कोणाच्याही हाती लागतो.

या यादीत लोक फक्त ‘चोरी’ लिहितात आणि अर्ध्याहून जास्त गोष्टी राहून जातात. त्याच कॅथलिक ग्रंथाच्या परिच्छेद २४०९मध्ये उसनी आणलेली किंवा सापडलेली वस्तू मुद्दाम ठेवून घेणं आहे, अन्याय्य मजुरी आहे, दुसऱ्याच्या अडचणीचा फायदा घेऊन भाव चढवणं आहे, करचुकवेगिरी, खोटी बिलं, वाईट करून दिलेलं काम आणि सार्वजनिक मालमत्तेची नासधूसही आहे. म्हणजे आपल्या भाषेत: शेजाऱ्याची दोन वर्षं आपल्याच पडवीत असलेली शिडी, प्रवासभत्त्याचं फुगवलेलं बिल, ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणून गवंड्याची अडकवलेली मजुरी, विजेच्या तारेवर टाकलेला आकडा, कोरलेला बांध.

आता प्रत्येक नोंदीपुढे लिहा, ती वस्तू आपल्याकडे कशी आली. जाणूनबुजून घेतली असेल तर वस्तू, तिच्यापासून आलेलं उत्पन्न आणि मालकाचं झालेलं नुकसान, असं तिन्ही देणं लागतं. दुसऱ्याची रिक्षा दोन महिने दाबून ठेवली आणि मग नुसती रिक्षा नेऊन उभी केली, तर त्याचा दोन महिन्यांचा धंदा अजून बाकीच आहे.

अजाणता आली असेल तर देणं हलकं होतं. रीतसर पैसे मोजून जुना फोन घेतला आणि नंतर कळलं की तो चोरीचा आहे, तर कळल्या क्षणापासून तो तुमचा नाही. तोवरच्या वापराने झालेली झीज भरून द्यायची नाही आणि तुमचे पैसे विकणाऱ्याकडून वसूल करायचे. (जुना फोन घेण्याआधी सरकारच्या संचार साथी पोर्टलवर त्याचा आयएमईआय क्रमांक टाकून पाहिला तर ही वेळ सहसा येत नाही.)

नुसती शंका असेल तर वस्तूच्या किमतीला शोभेल एवढी चौकशी करा. शंभराच्या छत्रीसाठी गाव पालथं घालायची गरज नाही, अंगठीसाठी आहे. मनापासून चौकशी करूनही उलगडा झाला नाही तर ज्याच्या ताब्यात आहे त्याने ती ठेवावी, असंच नीतिशास्त्राचे जुने शिक्षक सांगत आले आहेत.

किती द्यायचं

मोशेच्या नियमशास्त्रात आकडे ठरलेले आहेत. बैल चोरून कापला किंवा विकला तर एकास पाच, मेंढरू असेल तर एकास चार, जनावर चोराकडे जिवंत सापडलं तर दुप्पट (निर्गम २२:१-४). पण चोर स्वतःहून पुढे आला तर मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा, एवढंच (लेवीय ६:१-५, काही आवृत्त्यांत हीच वचनं ५:२०-२४ अशी मोजलेली आढळतील). यातला हिशेब ध्यानात घेण्यासारखा आहे: पकडला गेलेल्याला जबर दंड, स्वतःच्या पायाने आलेल्याला सवलत. यरीहोचा जकातदार जक्कय लूक १९मध्ये चौपट देऊ करतो, ते त्याने आपणहून स्वतःवर लादून घेतलं.

हे आकडे आज जसेच्या तसे बंधनकारक नाहीत. थॉमस अक्विनस या मध्ययुगीन कॅथलिक धर्मपंडिताने लावलेला नियम असा की, जेवढं घेतलं तेवढं आणि त्यापायी मालकाला सोसावी लागलेली हानी, इतकंच देणं लागतं. त्यावरचा दंड हा न्यायाधीशाने ठोठावायचा विषय आहे. तरीही पाचवा हिस्सा वर द्यावा असं आम्ही सुचवू. कारण साधं आहे: स्वतःची चोरी मोजताना प्रत्येक जण थोडं कमीच मोजतो.

एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. किराणा दुकानदाराचा काटा किलोमागे ४० ग्रॅम खातो. रोज ६० किलो तांदूळ जातो, भाव ₹५०. म्हणजे रोजचे २.४ किलो, ₹१२०. वर्षाला दुकानाचे ३०० दिवस धरले तर ₹३६,०००. एवढी रक्कम पाहून माणूस हबकतो आणि सगळंच सोडून देतो. तसं करायचं नाही, रकमेचे दोन भाग पाडायचे. उधारीच्या वहीतली गिऱ्हाइकं नावानिशी माहीत असतात. महिन्याला १५ किलो नेणाऱ्या घराला महिन्याला ६०० ग्रॅम, वर्षाला ७.२ किलो कमी पडले. त्याचे ₹३६०, वर पाचवा हिस्सा ₹७२, एकूण ₹४३२. त्या घराच्या उधारीतून तेवढे वजा करायचे. रोखीने नेणाऱ्यांची नावं कोणाला ठाऊक? पण ती माणसं अजून त्याच दुकानात येतात. म्हणून जितके महिने कमी दिलं तितके महिने त्यांना किलोमागे ४० ग्रॅम जास्त घालायचं. याची पाटी लावायची नाही. ‘सणाची खास ऑफर’ म्हणून दिलं की ती परतफेड राहत नाही, जाहिरात होते. आणि या सगळ्याआधी काटा वजन-मापे खात्याकडून तपासून शिक्का मारून घ्यायचा. नीतिसूत्रे ११:१ परमेश्वराला खोट्या तराजूचा वीट आहे म्हणतं, तेव्हा तराजू आधी, गिऱ्हाईक मग.

सोन्याच्या बाबतीत एक पळवाट फार चालते. वीस वर्षांपूर्वी घेतलेल्या साखळीचे वीस वर्षांपूर्वीच्या भावाने पैसे द्यायचे आणि मोकळं व्हायचं. हे चालत नाही. जेवढ्या वजनाची साखळी होती तेवढं सोनं, किंवा आजच्या भावाने त्याची किंमत. मालकाकडे ती राहिली असती तर भाववाढही त्याचीच होती.

तिघांनी मिळून घेतलं असेल तर आपला तिसरा हिस्सा देऊन सुटका आहे का? बाकीचे दोघे देत असतील तर आहे. ते हात वर करत असतील आणि तुमच्या मदतीवाचून ती चोरी झालीच नसती, तर पूर्ण रक्कम तुमच्यावर येते. मग त्यांच्याकडून वसूल करत बसा.

कोणाला द्यायचं

मालकाला. तो नसेल तर त्याच्या वारसांना. वारसही नसतील, किंवा मालक कोण याचा पत्ताच लागत नसेल, तर गरिबांना किंवा धर्मकार्याला. गणना ५:५-८मध्येही क्रम असाच आहे: आधी तो माणूस, मग त्याचा आप्त, आणि कोणीच नसेल तर याजक.

सगळ्यात जास्त चूक इथे होते. लोक शेजाऱ्याचे पैसे चर्चच्या दानपेटीत टाकतात. मन हलकं होतं, नाव होतं, आणि ज्याचं गेलं तो कोरडाच राहतो. जक्कयाचे शब्द नीट वाचा. त्याने दोन रकमा वेगळ्या काढल्या आहेत: अर्धी संपत्ती गरिबांना आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट. एकीतून दुसरी भागवलेली नाही. दान ही आपल्या पैशाने करायची गोष्ट आहे, आणि खरा प्रकार कळल्यावर शहाणा फादर किंवा पाळक असा पैसा घेतच नाही.

सरकारचं घेतलं असेल तर ‘सरकार तरी कुठे सरळ आहे’ हे उत्तर पुरत नाही. बिनतिकिटाच्या रेल्वेप्रवासाचा उपाय पूर्वीपासून चालत आला आहे: तेवढ्याच भाड्याची तिकिटं काढायची आणि न वापरता फाडून टाकायची. लपवलेल्या उत्पन्नासाठी आयकर खात्याचं अद्ययावत विवरणपत्र आहे. २०२५च्या वित्त कायद्याने त्याची मुदत चार वर्षं झाली. पहिल्या वर्षी भरलं तर कर व व्याजावर वर २५ टक्के, मग ५०, ६० आणि चौथ्या वर्षी ७०. लेवीयातल्या पाचव्या हिश्शापेक्षा सरकारचा दर चढा आहे, हे खरं.

बांध

शेजाऱ्याच्या हद्दीची खूण सरकवू नको, असं अनुवाद १९:१४ सांगतं. आपल्याकडे बांध कोणी एका रात्रीत सरकवत नाही. दर नांगरटीला वीतभर आत जायचं, बापाने कोरलेला पोराने पुढे न्यायचा, आणि वीस वर्षांनी दोघांनाही मूळ रेषा आठवत नाही. २०० फूट लांबीचा बांध तीन फूट सरकला तर ६०० चौरस फूट होतात, म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून थोडी जास्त जमीन. द्राक्षमळा एकाच फेऱ्यात गिळणारा अहाब राजा (१ राजे २१) सगळ्यांना कळतो. हा हळूहळू गिळणारा कळत नाही.

परत करायचं तर शेजाऱ्याशी बोलण्याआधी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा आणि फी स्वतः भरा. ‘अर्धी अर्धी भरू’ म्हणणं इथे शोभत नाही. मोजणीच्या दिवशी दोन्ही घरची माणसं हजर हवीत, नाहीतर पुढे ‘तुम्हीच दगड रोवले’ असं ऐकावं लागतं. सातबाऱ्यावरचं क्षेत्र सहसा बदललेलंच नसतं, म्हणून खरेदीखत वगैरे काही लागत नाही. बांध मूळ जागी घातला की जमीन परत गेली. उभं पीक उपटू नका. काढणी होऊ द्या आणि त्या पट्टीतला माल त्याच्या घरी पोचवा.

मागच्या वर्षांचं उत्पन्न राहतं. त्यात तुमचं बियाणं, खत आणि कष्टही गेलेत, ते तुम्ही वजा करू शकता. पण दर हंगामाचा असा हिशेब मांडायला बसलात तर हमखास भांडण होतं. सोपा मार्ग म्हणजे गावात चालू असलेला खंडाचा दर धरून तेवढ्या पट्टीचा वर्षावर्षाचा खंड देणं. बापाच्या वेळची वर्षं तुम्हाला ठाऊकच नव्हती, तर ती तुमच्या डोक्यावर नाहीत. जेव्हापासून कळत होतं तेव्हापासूनची आहेत.

गुपचूप द्यावं की सांगून

परत करणं सक्तीचं आहे, स्वतःची बेअब्रू करून घेणं नाही. वस्तू मालकाच्या हाती पोचली पाहिजे, कोणी दिली हे कळायलाच हवं असं नाही.

कॅथलिक माणसाला सोय आहे. पापनिवेदनात (कन्फेशनमध्ये) ऐकलेलं फादर कोणालाही, कोणत्याही दडपणाखाली सांगू शकत नाहीत. तिथेच विचारा, ‘फादर, पाकीट पोचवाल का?’ ते नाही म्हणू शकतात, सक्ती नाही. हो म्हणाले तर रोख रक्कम बंद पाकिटात घाला, वर घेणाऱ्याचं नाव लिहा, आत एक ओळ टाइप करून ठेवा: ‘हे पैसे तुमचेच आहेत, काही वर्षांपूर्वी अन्यायाने घेतले गेले होते.’ जास्त लिहायचा मोह टाळा. माफीचं लांबलचक पत्र लिहिणारा चौथ्या ओळीत ओळखू येतो. ऑनलाइन पाठवू नका, नाव उमटतं. साथीदारांची नावं पापनिवेदनात सांगायची नसतात. प्रोटेस्टंट पाळकांवर संस्कारामुळे येणारं असं मौनाचं बंधन नसतं, म्हणून त्यांच्याशी आधी गुप्ततेचं स्पष्ट बोलून घ्या आणि मगच तपशील सांगा. प्रकरण फौजदारी होण्याएवढं मोठं असेल तर सही करून काही लिहून देण्याआधी वकील गाठा. त्यात अधर्म काही नाही.

दोन प्रसंगी मात्र गुपचूप दिलेलं पुरत नाही. एक, संस्थेचे हिशेब तुमच्या हाती असतील तर: पैसे पेटीत परत आले तरी वह्या खोट्याच राहतात, त्या दुरुस्त कराव्या लागतात.

दुसरा प्रसंग जास्त अवघड. चोरी तुम्ही केली आणि आळ दुसऱ्यावर गेला. हे नेहमी एकाच माणसाच्या वाट्याला येतं: घरकामाच्या मावशी, दुकानातला पोऱ्या, शाळेतला शिपाई. साखळी गेली, मावशींना काढलं, सोसायटीत चार घरांत बोललं गेलं, बाकीची कामंही सुटली. आता साखळी गुपचूप कपाटात परत आली तर लोक काय म्हणतील? ‘घाबरून आणून ठेवली वाटतं.’ म्हणजे वस्तू परत करून आळ आणखी घट्ट केला. इथे खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञाही लागू होते, आणि परिच्छेद २४८७प्रमाणे सत्याविरुद्ध केलेल्या अपराधाचीही भरपाई असते. जिथे जिथे मावशींचं नाव घेतलं गेलं तिथे तिथे ते धुऊन निघालं पाहिजे; फक्त मालकिणीच्या कानात सांगून भागत नाही. आळ तुम्हीच घातला असेल तर बुडालेला पगारही तुमच्यावर आहे: महिना ₹४,००० आणि तीन महिने काम नाही, तर ₹१२,०००. तुम्ही नुसते गप्प राहिलात, बोललं दुसरंच कोणी, अशा वेळी पगार देणं लागतो की नाही यावर वाद घालता येईल. आमच्या मते द्यावा. तुमच्या गप्प राहण्याचा खर्च मावशींनी भरला आहे.

ऐपत नसेल तर

अशक्य गोष्ट कोणावर बंधनकारक नसते. मुलांच्या तोंडचा घास काढून परतफेड करा असं शिकवण सांगत नाही, आणि जीव वाचवण्यापुरतं अन्न घेणाऱ्याला ती चोरही म्हणत नाही (परिच्छेद २४०८). पण ‘सध्या जमत नाही’ म्हणणाऱ्याने त्याच महिन्यात नवा फोन हप्त्याने घेतला असेल, तर जमत नाही हे खरं नाही. फोनचा हप्ता जमतो, मालकाचा जमत नाही, एवढंच. तारीख ठरवा आणि दर महिन्याला ₹५०० असले तरी द्या.

देणी बरीच असतील तर क्रम असा लावा. मूळ वस्तू अजून घरात असेल तर ती आधी, आजच. मग मजुरी: रोजंदाराचा पैसा सकाळपर्यंत ठेवू नको (लेवीय १९:१३), सूर्य मावळण्याआधी दे (अनुवाद २४:१५), आणि अडवलेली मजुरी ओरडते आहे (याकोब ५:४). इतक्यांदा शास्त्र उगाच बोलत नाही. त्यानंतर लहान माणसं, शेवटी बँका आणि कंपन्या.

उलटी बाजूही असते. मालक पगार कमी देतो म्हणून नोकराने गल्ल्यातून गुपचूप भरून काढायचं, हे बरोबर का? पोप अकरावे इनोसंट यांनी १६७९मध्ये नेमकं हे मत नाकारलं: आपलं काम पगारापेक्षा जास्त मोलाचं आहे असं स्वतःच ठरवून नोकराने मालकाचं घेऊ नये. स्वतःच्या दाव्याचा न्यायाधीश स्वतः होता येत नाही. मागा, लेखी मागा, नाहीच दिलं तर कामगार आयुक्तांकडे जा.

सापडलेलं आणि चुकून आलेलं

भावाचं चुकलेलं जनावर दिसलं तर नजर चुकवून जाऊ नको, मालक माहीत नसेल तर घरी नेऊन सांभाळ, असं अनुवाद २२:१-३ सांगतं. निर्गम २३:४मध्ये तर ते वैऱ्याचंही असू शकतं. भारतीय करार कायदा १८७२चं कलम ७१ देखील सापडलेली वस्तू उचलणाऱ्यावर ती राखण्याची जबाबदारी टाकतं. पाकीट सापडलं तर दुसऱ्या कोणाच्या समोर मोजा. व्हॉट्सॲप गटात ‘पाकीट सापडलं आहे’ एवढंच टाका; रंग, रक्कम, आतलं कार्ड सांगू नका, ते विचारायला येणाऱ्याने सांगायचं. कोणी न आल्यास पोलीस ठाण्यात जमा करून पोच घ्या.

खात्यात अनोळखी पैसे आले आणि लगेच ‘चुकून आले, या नंबरवर परत पाठवा’ असा फोन आला, तर थांबा. पैसे तुमचे नाहीत हे खरं, पण फोन करणाऱ्याचे आहेत हे कुठे ठरलंय? फसवणुकीची ही सर्रास रीत आहे. आपल्या बँकेला लेखी कळवा, रक्कम खर्च न करता तशीच ठेवा आणि बँकेकडूनच ती मूळ खात्यात वळती करून घ्या.

उसनवारीचा नियम निर्गम २२:१४-१५मध्ये सापडतो. मागून आणलेलं जनावर मालक सोबत नसताना जखमी झालं किंवा मेलं तर भरपाई आणणाऱ्याने द्यायची. मालक सोबत असेल तर नाही. भाड्याने आणलं असेल तर नुकसान भाड्यातच आलं. शेजाऱ्याची ड्रिलमशीन जळली तर याहून वेगळा नियम शोधायची गरज नाही.

मालक नको म्हणाला तर

पुष्कळदा मालक हसून म्हणतो, ‘अहो, राहू दे आता.’ ही माफी पक्की आहे, पण तीन अटींवर. त्याला खरी रक्कम माहीत हवी. ₹५,००० सांगून ₹५०,०००ची माफी मिळत नाही. तो भीडेने किंवा दडपणाने बोललेला नसावा: नोकर मालकाला, भाडेकरू घरमालकाला ‘असू दे’ म्हणतो त्यात मर्जी थोडी आणि लाचारी जास्त असते, तेव्हा एकदा पैसे पुढे ठेवूनच पाहा. आणि वस्तू त्याची एकट्याची हवी. चार भावांच्या सामाईक वाडीतले नारळ थोरल्याने माफ केले तर फक्त त्याचा चौथा हिस्सा सुटतो. अल्पवयीन मुलाच्या पैशावर त्याने स्वतः दिलेली माफी चालत नाही. पतपेढी, चर्च किंवा सोसायटीच्या पैशाला खजिनदाराची माफी नसते; ठराव करायचा असेल तर कमिटीने करायचा, तोही इतिवृत्तात लिहून.